हनुवटीखालचा तीळ

बुधवार, ८ जानेवारी २०२५
कोथरूड

तनू,

जय भीम.

तुझा पत्ता रतनमामाकडून घेतला. तो द्यायला तयार नव्हता. "तिने बजावलंय, दीपालीला देऊ नको म्हणून," असं म्हणाला. मी त्याच्या दारातच बसून राहिले. शेवटी मामी आतून म्हणाली, "द्या हो. पोस्टाने कागदच जाणार आहे, बाई थोडीच जाणार आहे?" म्हणून हा कागद. फोन करून उपयोग नाही हे मला सात वर्षांपासून माहीत आहे.

इथून धायरीला स्कूटरवर अर्धा तास लागतो. पत्राला किती दिवस लागतात ते ठाऊक नाही.

अभय अकरावीत आहे. माझ्या डोक्याच्या वर गेलाय. मिशी फुटली आहे आणि तो ती सारखी चाचपतो. मध्ये त्याने विचारलं, "मावशीला मी आता दिसलो तर ओळखेल का?" मी म्हटलं, आवाजावरून नाही ओळखणार. आईचा फोटो मी टीव्हीच्या वरून काढून खिडकीशी लावला, तिथे उजेड आहे. मी आता हॉस्पिटलात एक्स-रे विभागाची इन्चार्ज झाले आहे. हाताखाली चार मुली आहेत. त्यांना पहिल्या दिवशी मी तेच सांगते जे तुला सांगितलं होतं. आधी शिशाचं अक्षर, मग माणूस. डावीकडचं L की उजवीकडचं R, ते प्लेटला चिकटवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

हे लिहायचं नव्हतं.

सोमवारी एक पेशंट आली होती. तेव्हापासून माझं काही खरं नाही. काल एका आजींचा कवळीसाठीचा फोटो मला दोनदा काढावा लागला. त्यांची हनुवटी हलली नव्हती, मीच बटण मध्येच सोडलं होतं. पोरी एकमेकींकडे बघत होत्या.

तीन कागद फाडले, हा चौथा. यावरही ते लिहवत नाही. पत्र मात्र टाकते, म्हणजे पुढचं लिहावंच लागेल.

दीपाली


रविवार, १२ जानेवारी

तनू,

यातलं पुष्कळ तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी सगळं लिहिते. माझ्या हाताने एकदा कागदावर यायला हवं.

तू गेल्यानंतर आपल्याकडे जबड्याचं नवीन मशीन आलं. पेशंटने उभं राहायचं, पुढच्या दातांत एक छोटी कांडी धरायची, हनुवटी टेकवायची, जीभ टाळूला लावायची. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा जबडा एका लांब फोटोत येतो. पंधरा सेकंद हलायचं नाही, एवढंच.

सोमवारी अकराच्या सुमाराला एक मुलगी आली. सव्वीसेक वर्षांची. जांभई देताना सांधा कटकटतो, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेली. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. मी तिचे कानातले काढून तिच्या तळहातावर ठेवले, तिची मूठ मिटवली आणि नेहमीसारखं म्हटलं, "मूठ सोडायची नाही हं."

ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला वाटलं, मशीनला घाबरली. ती उंच होती, म्हणून मशीनचा दांडा वर सरकवायला मी मान उंच केली. तेवढ्यात तिने तोंडातली कांडी काढली.

"तुम्हीच त्या."

"कोण मी?"

"तुमच्या हनुवटीखाली तीळ आहे."

तनू, तो तीळ आरशातही दिसत नाही. सुदर्शनलासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी दिसला होता. तो फक्त तुला ठाऊक. माझ्या मांडीवर डोकं ठेवून वर बघत म्हणायचीस, "ताई, तुझ्या हनुवटीला मुंगळा चिकटलाय."

मी विचारलं, "तुला कसा माहीत?"

"मी उताणी होते ना स्ट्रेचरवर. मानेला पट्टा होता, डोळ्यांशिवाय काही हलत नव्हतं. तुम्ही डोक्याच्या बाजूने वाकलात. तुमचा चेहरा मला उलटा दिसत होता, म्हणून आज आल्या आल्या ओळखला नाही. फोटो होईपर्यंत मी त्या तिळाकडेच बघत होते. आणि तुम्ही म्हणालात, मूठ सोडायची नाही हं."

"कधीची गोष्ट?"

"सतराचा ऑगस्ट. लक्ष्मी रोडला माझी गाडी घसरली होती."

तेव्हा मी फॉर्मवरचं नाव वाचलं. आधी नुसता नंबर वाचला होता. स्पृहा, कसबा पेठ. वडिलांचं नाव श्रीनिवास. सात वर्षांपूर्वीची तक्रार त्यांचीच होती.

मी म्हटलं, "तुझी चूक होते आहे. त्या दिवशी खोलीत दुसरी मुलगी होती."

"होती ना. त्या नंतर आल्या, डबा खाऊन. दारातून म्हणाल्या, 'ताई, झाला?' तुम्ही म्हणालात, 'झाला गं, पाठव वर.' आणि तुमचा फोन वाजला, तुम्ही पळालात. मला वाटलं, या दोघी बहिणी आहेत वाटतं."

तिने ओढणी सोडली. कानाच्या पाळीखालून जबड्याच्या वळणापर्यंत दोन व्रण, एकेका बाजूला एक. डाव्याची गरज होती. उजव्या बाजूला काहीसुद्धा मोडलेलं नव्हतं. माझा चेहरा बघून ती हसली, बहुधा मला धीर द्यायला. हसताना ओठाची उजवी बाजू जागची हलली नाही. विनाकारण उघडलेल्या बाजूची नस.

मी तिची हनुवटी पुन्हा टेकवली. जीभ टाळूला लावायला सांगितली. फोटो काढला. चांगला आला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी खाली फरशीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही. पोरींनी दार वाजवलं तेव्हा उठले.

दीपाली


रविवार, १९ जानेवारी

तनू,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

या आठवड्यात मी जुनी फाईल काढली. रेकॉर्डरूमच्या मच्छिंद्रने विचारलं, "मॅडम, सात वर्षांपूर्वीचं आज कुठे आठवलं?" मी म्हटलं, आज आठवलं. त्याने फाईल टेबलावर आपटली, धुळीसकट.

फोटोची वेळ बारा बावीस. माझ्या अर्ध्या रजेची नोंद बारा चाळीस. त्या दिवशी अभयच्या शाळेतून फोन आला होता, अंगात एकशे चार ताप. पुढे डेंगी निघाला, सात दिवस तो आपल्याच हॉस्पिटलात होता. सुदर्शनला जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. माझ्या डोक्यात तो दिवस अभयच्या तापाचा दिवस म्हणून राहिला आहे. त्याच्या आधी मी कुणाचे फोटो काढले, एकही आठवत नाही. खरंच आठवत नाही, तनू. रोजचे सत्तर पेशंट. तू डबा खायला गेलीस, स्ट्रेचर आलं, मी काढून टाकला असेन, तुझ्याच लॉगिनवर. असं आपण दिवसातून चारदा करत होतो.

झालं काय तेही आता फोटोत स्वच्छ दिसतं. खालच्या जबड्याचा फोटो पेशंटला पालथं करून, कपाळ आणि नाक प्लेटला टेकवून काढायचा. मशीनला तेच शिकवलेलं असतं, की माणूस पाठमोरा आहे, चित्र उलटवून दाखव. ही मुलगी मानेच्या पट्ट्यामुळे उताणी होती. तेव्हा मशीनवरची निवड बदलायला हवी होती. मी बदलली नाही. मशीनने सुलट चित्र उलटं केलं आणि सवयीने स्वतःचं R कोपऱ्यात घातलं. दोन्ही गाल सारखे सुजलेले. सर्जननी फोटोवर विश्वास ठेवला. प्लेटला शिशाचं अक्षर असतं तर तेही फोटोत उलटं दिसलं असतं, कुणालाही कळलं असतं. शिशाचं अक्षर नव्हतं.

आणि याच एका गोष्टीवर मी तुला बुडवलं. चौकशीत मी म्हणाले, "या फोटोवर शिशाचं अक्षर नाही. मी अक्षराशिवाय कधीच फोटो काढत नाही. म्हणजे हा माझा नाही." सगळ्यांनी माना हलवल्या, कारण ते खरं होतं. माझी ख्याती होती. तू म्हणालीस, "मी डबा खात होते. मी काढलेला नाही." लॉगिन तुझं. तू कंत्राटावर होतीस, एका ओळीच्या कागदावर तुला घरी बसवलं. पुढे कुठल्याही लॅबने तुला उभं केलं नाही.

आता एक गोष्ट लिहिते जी मी कुणाला सांगितलेली नाही. स्वतःलाही नाही.

फाईलमध्ये मुलीच्या वडिलांची तक्रार आहे. त्यात एक ओळ आहे: 'तेथील बाईंनी मुलीचे कानातले काढून तिच्या मुठीत दिले व मूठ मिटवली.' ही ओळ मी तेव्हाही वाचली होती. चौकशीच्या आदल्या दिवशी मला फाईल दाखवली होती.  मग मी मनाशी म्हटलं, तनूपण असंच करते, आईनेच दोघींना शिकवलंय, ट्रेमध्ये ठेवलं की दागिना जातो म्हणून. आणि मी पान उलटलं.

मी विसरले होते हे खरं. पण त्या ओळीपाशी थांबले असते तर आठवलं असतं. घरात अभय सलाइनवरून नुकता उठलेला. मी थांबले नाही.

त्याच दिवशी घरी मी तुला म्हणाले, "खोटं बोलू नकोस. चूक झाली तर झाली म्हण, मी निस्तरते." तू म्हणालीस, "ताई, तूच तर होतीस." मी तुझ्या तोंडात मारली. ज्या बाजूला मारली तीही मला आठवते. आई कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. आठवडाभर तू भांडलीस आणि मग एकदम गप्प झालीस. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी केला, कबूल झाली. सात वर्षं मी तोच अर्थ उराशी धरून ताठ मानेने कामाला गेले.

सगळ्यात वाईट हे, की आई तुला दोषी समजूनच गेली. तिच्या शेवटच्या दिवशी तू सोसायटीच्या गेटबाहेर झाडाखाली उभी राहिलीस आणि तिथूनच परतलीस. ते मला आता कुठल्याच बाजूने दुरुस्त करता येत नाही.

दीपाली


रविवार, २ फेब्रुवारी

तनू,

हे पत्र माफीचं नाही. काय केलं ते कळवायला लिहिते.

आधी स्पृहाला फोन केला. तिला सगळं सांगितलं, पालथं-उताणं, R, पान उलटलं तेसुद्धा. तिने उजवं-डावं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे सात वर्षं मी चुकीच्या बाईला शिव्या घालतेय?"

मी म्हटलं, हो.

"बाबा तर रोज सकाळी चहाबरोबर घालतात. त्यांना आता नाव बदलून द्यावं लागेल."

मला वाटलं, ती हसते आहे. ती रडत होती. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी इतक्या प्रेमाने बोललात. तेवढं एकच चांगलं आठवत होतं मला त्या हॉस्पिटलातलं. तेही काढून घेतलंत." आणि फोन ठेवला. चार दिवसांनी तिचा मेसेज आला: 'तुमच्या बहिणीला सांगा, सॉरी.' म्हणून सांगते.

मग अर्ज लिहिला. तो फोटो मी काढला, तनुजाचा संबंध नाही, तेव्हाची माझी साक्ष चुकीची, माझ्यावर जी कारवाई असेल ती करावी आणि तिच्या रेकॉर्डवरचा शेरा काढावा. ट्रस्टच्या आप्पासाहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, गाडलेलं मढं कशाला उकरताय?"

"ती जिवंत आहे, साहेब. धायरीला राहते."

"मी प्रकरणाबद्दल बोलतोय."

"मी बहिणीबद्दल बोलतेय."

"तुमची चार वर्षांत पदोन्नती आहे. मुलगा शिकतोय. आपण विचार करून या. घाई नाही."

"सात वर्षं झाली, घाई कसली?"

ते घेईनात. मग मी खाली आवक टेबलाला गेले, क्लार्कसमोर दोन प्रती ठेवल्या आणि शिक्का मारून घेतला. एकदा आवकला नंबर पडला की कागद कुणाला गिळता येत नाही, हे आईचं शिक्षण. आया म्हणून तीस वर्षं तिथे काढली आणि रजेचा अर्जसुद्धा शिक्क्याशिवाय दिला नाही तिने. दुसरी प्रत याच्यासोबत जोडते आहे. ती तुझी.

दोन दिवसांनी मला मशीनवरून काढून रजिस्टरवर बसवलं. चौकशी बसेल. पोरी माझ्याशी जपून बोलतात, आजारी माणसाशी बोलावं तशा. अभयला सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या तापामुळे?" मी त्याला जवळ घेतलं, नाही रे म्हटलं. पण त्याने विचारलं, आणि ते मी पुसू शकत नाही.

एक गोष्ट अजून कळत नाही. माझी शिशाची अक्षरं माझ्या कोटाच्या खिशात असायची, रोज. त्या दिवशी का नव्हती? घाई होती, मान्य. पण हात सवयीने खिशात गेला असणार. खिशात ती नव्हती, म्हणूनच मी मशीनवर सोडलं असणार. कुठे गेली होती कोण जाणे. आता त्याने काही फरक पडत नाही.

दीपाली


धायरी
११ फेब्रुवारी

चारही पत्रं मिळाली. अक्षर अजून तसंच आहे, औषधाच्या चिठ्ठीसारखं. पहिलं मी न वाचता ठेवलं होतं. मामीने फोन करून डोकं खाल्लं म्हणून उघडलं.

तुझी शिशाची अक्षरं माझ्याकडे होती. माझं R हरवलं होतं, म्हणून त्या दिवशी सकाळी तुझ्या कोटातून दोन्ही घेतली. तुला सांगितलं असतं तर तू सगळ्यांसमोर लेक्चर दिलं असतंस. दुपारी परत ठेवणार होते. चौकशीत तू म्हणालीस ना, मी अक्षराशिवाय फोटो काढत नाही, तेव्हा ती माझ्या पर्समध्ये होती. मी ते तिथे बोलले नाही. बोलले असते तर कदाचित तुला आठवलं असतं. चोरटी ठरेन अशी भीती वाटली. एवढं माझं.

आता तुझंही नाही आणि माझंही नाही असं एक सांगते. सांगणार नव्हते.

आई मला दोषी समजून गेली नाही. त्या मुलीचं स्ट्रेचर आईनेच आत आणलं होतं. ड्युटी तिची होती. तू फोटो काढताना ती दारात उभी होती. आयांचं नाव कुणी कागदावर लिहीत नाही, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. आणि ती बोलली नाही.

मी आठवडाभर भांडत होते ना, तेव्हा एक दिवस तिने मला मागच्या गॅलरीत नेलं. म्हणाली, "मला माहीताय, दीपाली होती. मी होते तिथं. पण तिच्या पदरात पोरगं हाय, नवरा गेलाय. तिची नोकरी गेली तर दोघं बुडतील. तू एकटी हायेस, तुला सोसवंल." मी म्हटलं, आणि माझं काय? ती म्हणाली, "तुझं मी बघीन." मग काय बघणार होती बिचारी. दर महिन्याला दोनदा यायची इथे, तुला सांगायची विहारात जाते म्हणून. डबा घेऊन यायची. ते तुला माहीत नाही.

म्हणून मी गप्प झाले. तुझ्या मारण्याने नाही.

मला वाटायचं, तुलाही माहीत आहे. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं असं मी सात वर्षं धरून चालले होते. झाडाखालून परतले ती त्यामुळे. तुझं पत्र वाचून कळलं की तुला खरंच आठवत नव्हतं. हे चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आईवर चिडायचं तर आई नाही.

अर्जाची प्रत ठेवून घेतली. मी परत त्या हॉस्पिटलात पाऊल ठेवणार नाही. पण इथल्या एका दातांच्या दवाखान्यात फोटोसाठी माणूस हवा आहे, त्यांना ती प्रत दाखवली. झेरॉक्सच्या दुकानात सात वर्षं उभी राहिले, आता बसून काम मिळालं तर बघते.

तुझी अक्षरं पाकिटात टाकली आहेत. पुसून. तुला पुन्हा मशीनवर घेतील तेव्हा लागतील.

अभयला सांग, ताप त्याने मागून आणला नव्हता. त्याला रविवारी पाठव. जेवायला. एकटा येऊ दे, बस त्याला कळते. मी आवाजावरून ओळखेन, नाही ओळखणार म्हणून तू कोण ठरवणार?

तू येऊ नकोस. दारात तू उभी राहिलीस तर मी काय करेन ते मला माहीत नाही. ते माहीत झालं की कळवीन.

तनुजा